ट्रॅक्टर-ट्रॉलीचा जुना रंग : आधी खरडा, मग तपासा, मग रंगवा



दसऱ्याच्या आधी चार दिवस गावात एक फेरी मारून बघा. कोणाच्या ना कोणाच्या अंगणात ट्रॅक्टर धुऊन उभा असतो, शेजारी रंगाचा डबा उघडलेला असतो, आणि घरातली पोरं ब्रश घेऊन ट्रॉलीला रंग फासत असतात. खंडेनवमीला पूजा करायची तर गाडी नव्यासारखी दिसली पाहिजे, ही त्यामागची हौस. हौस वाईट नाही. बेंदराला बैलांची शिंगे रंगवणारी आपण माणसे, ट्रॅक्टरला तसाच कसा ठेवू?

पण मंडळी, शिंगाचा रंग सणापुरता असतो. लोखंडावरचा रंग हे त्याचे कातडे असते. कातड्याखाली जखम चिघळत असेल तर वरून गुलाल टाकून ती बरी होत नाही. आज मी तुम्हाला जुन्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा ओरखडलेला, उडालेला, फिका पडलेला रंग घरच्या घरी कसा दुरुस्त करावा ते सांगणार आहे. पण त्याआधी माझीच एक चूक सांगतो. कारण हे सगळे मी त्या चुकीनंतर शिकलो.

माझ्या हातून काय झाले

२०१० सालची गोष्ट. आमची उसाची ट्रॉली तेव्हा बारा वर्षांची झाली होती. दसऱ्याच्या आधी मी ती पाण्याने धुतली, फडक्याने पुसली आणि वर ऑईल पेंटचे दोन हात दिले. खरडले काही नाही. म्हटले, रंगाखाली गंज झाकला जाईल. ट्रॉली अशी चकचकीत दिसू लागली की शेजारी विचारू लागले, नवीन घेतली काय?

पुढे जानेवारीत, ऐन हंगामात, भरलेली ट्रॉली घेऊन आम्ही ओढ्याची चढण चढत होतो. निम्म्या चढावर मोठा आवाज झाला. ट्रॉलीची दांडी हुकाच्या मागे, वेल्डिंगजवळ, तुटली आणि ट्रॉली उलटी मागे गेली. मागून एका ऊसतोड्याची बैलगाडी येत होती. गाडीवानाने उडी टाकली म्हणून तो वाचला. त्याच्या एका बैलाचा पाय मोडला. बैलाचे पैसे मी दिले, पण हंगामाच्या मध्यावर त्याला दुसरा जोडीचा बैल मिळाला नाही. त्या माणसाचा हंगाम गेला, आणि तो कोणामुळे गेला हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी तुटलेली दांडी हातात घेऊन बघितली. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग पांढरा, चकचकीत होता. तो त्या दिवशी तुटलेला. उरलेला निम्मा भाग काळपट, तांबूस होता. म्हणजे तिथे चीर आधीपासून होती. आणि त्या तांबूस भागात आतपर्यंत माझ्याच हातचा निळा रंग उतरलेला होता. दसऱ्याला ब्रश फिरवत होतो तेव्हा चीर तिथे उघडी होती. मी ती रंगाने भरून टाकली.

तेव्हापासून रंगकामाकडे मी तपासणी म्हणून बघतो. रंग हे त्यातले शेवटचे काम.

लोखंडावर तांबेरा का पडतो?

गव्हावरचा तांबेरा आपल्याला ठाऊक आहे. एका पानावर पडला की बघता बघता शेत धरतो. लोखंडाच्या गंजाचेही तसेच. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो. गंजाचे पापुद्रे लोखंडापेक्षा जास्त जागा घेतात, त्यामुळे ते वरचा रंग उचलतात. उचललेल्या रंगाखाली आणखी ओल शिरते आणि गंज आजूबाजूला सरकतो. बाहेरून चवलीएवढा डाग दिसत असेल तर आत रुपयाएवढा गंज आहे असे समजावे.

आपल्या कामात गंजाला खतपाणी घालणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पहिली, रासायनिक खत. युरिया हवेतली ओल ओढून धरतो, आणि म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये मिठासारखा क्लोराईडचा क्षार असतो. खताची पोती वाहून ट्रॉली तशीच ठेवली की पत्र्याला मीठ लावून ठेवल्यासारखे होते. दुसरी, शेण आणि चिखल. मडगार्डच्या आत बसलेला चिखल वरून वाळलेला दिसतो, पण आत दिवसेंदिवस ओला असतो. तिसरी, ऊन. उन्हाने रंगातला तेलकट भाग जळतो आणि रंगाची भुकटी सुटू लागते. लाल ट्रॅक्टर गुलाबी दिसू लागतो तो यामुळेच.

काम कधी काढावे?

दसऱ्याच्या तोंडावर हे काम काढू नये. हवेत ओल असते, आणि घाईही असते. कारखान्याचा पट्टा पडला, रब्बीची मळणी उरकली, की मार्च ते मे हा खरा मोसम. मृग निघायच्या आत काम संपले पाहिजे. मे महिन्यात दुपारी पत्रा हाताला चटका देतो, अशा तापल्या पत्र्यावर रंग लावला तर तो वरून लगेच सुकतो, आत कच्चा राहतो आणि फोड येतात. म्हणून सकाळी दव सुकल्यावर, साधारण आठ ते अकरा या वेळात, सावलीत रंग लावावा. वारा सुटला असेल, शेजारी मळणी चालू असेल, तर त्या दिवशी राहू द्यावे.

आधी पारख करा

सगळा रंग काढायची गरज नेहमीच नसते. तीन सोप्या परीक्षा आहेत.

नखाची परीक्षा : ओरखड्यावरून आडवे नख फिरवा. नख अडकले नाही तर ओरखडा वरच्या रंगातच आहे, तो घासून जाईल. नख अडकले पण लोखंड दिसत नाही, तर तेवढ्या जागी रंग लावावा लागेल. लोखंड किंवा तांबूसपणा दिसला, तर पार खालपासून काम करावे लागेल.

फडक्याची परीक्षा : जुन्या, फिक्या रंगावर ओले पांढरे फडके जोराने घासा. फडक्याला रंग लागला तर रंग एकाच थराचा आहे आणि वरची मेलेली भुकटी काढून तो उजळता येईल. अलीकडच्या मोटारींवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो, तिथे फडके पांढरेच राहते. तसल्या गाडीवर पुढचे घासकाम फार जपून करावे.

थिनरची परीक्षा : सीटच्या खाली किंवा न दिसणाऱ्या जागी थिनरचा बोळा अर्धा मिनिट धरा. रंग विरघळून बोळ्याला आला तर तो एन. सी. जातीचा, म्हणजे ज्याला आपण ड्यूको म्हणतो तो रंग आहे. रंगाला सुरकुत्या पडल्या, फुगला, तर तो ऑईल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल. ही परीक्षा चुकवू नका. ऑईल पेंटवर एन. सी. रंग मारला तर त्यातले थिनर खालचा रंग फुगवते आणि सगळे काम सुरकुत्या पडून वाया जाते. काहीच फुगले-विरघळले नाही तर तो भट्टीत भाजलेला कंपनीचा रंग असू शकतो. त्यावर घासून ऑईल पेंट चालतो.

नुसत्या घासण्यावर भागत असेल तर

बॉनेट फिके पडले आहे, पण रंग शाबूत आहे, गंज नाही, अशा वेळी खर्च करू नका. साबणाच्या पाण्याने धुऊन सुकवा. बाजारात रबिंग कंपाऊंडचा डबा मिळतो. ओलसर मऊ फडक्यावर थोडे घ्या आणि एका वेळी फूटभर जागा घासा. उन्हात करू नका. कडेला आणि उंचवट्यावर रंग पातळ असतो, तिथे जोर लावू नका, नाहीतर लोखंड उघडे पडेल. भुकटी निघून खालचा ताजा रंग दिसला की स्वच्छ फडक्याने पुसा आणि वर मेणाचे पॉलिश लावा. मेण पाणी टिकू देत नाही. वर्षातून दोन-तीनदा मेण लावले तर रंगाचे आयुष्य वाढते. मात्र पुढे कधी रंग द्यायचा झाला तर आधी ते मेण पुरते काढावे लागते. मेण राहिले तर नवा रंग आखडतो आणि त्यात बारीक खड्डे पडतात.

धुणे आणि खरडणे

गंज असेल तिथे मात्र सुटका नाही. लागणारे सामान असे : पत्रा खरडायची पट्टी, तारेचा ब्रश, ८०, १५०, २२० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर, डिझेल, साबणाची पूड, टर्पेंटाईन, जुनी सुती फडकी, रद्दी, चिकटपट्टी, रबरी हातमोजे, चष्मा आणि धुळीपासून बचाव करणारा चांगला मास्क.

प्रथम बॅटरीच्या तारा काढा. ग्रीस, तेल आणि चिखल यांचा थर पट्टीने काढून मग डिझेलच्या फडक्याने पुसा आणि साबणाच्या पाण्याने धुवा. पेट्रोलने धुऊ नका, एका ठिणगीने घात होतो. हे काम चालू असताना बिडी-काडी लांब ठेवा. तेलकट पत्र्यावर घासायला बसलात तर तेल आणखी आत रगडले जाते. म्हणून आधी धुणे, मग घासणे, हा क्रम सोडू नका. एअर क्लीनरचे तोंड, डायनामो, वायरिंग यांत पाणी जाऊ देऊ नका.

मग सुटलेले पापुद्रे पट्टीने काढा. पट्टी पुढे सरकवत राहा. जिथे रंग घट्ट धरून आहे तिथे थांबा. गंजावर तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पेपर चालवा. काळपट डाग राहिले तरी बोटाला तांबूस भुकटी लागता कामा नये. उघडे लोखंड आणि जुना रंग यांच्यामध्ये पायरी राहते, ती १५० आणि २२० नंबरने अशी घासा की डोळे मिटून बोट फिरवले तर कळू नये. जिथे बारीक खळग्यांत गंज बसलेला आहे तिथे फॉस्फरिक ॲसिडचा गंजनाशक मिळतो. तो हातमोजे घालून, बाटलीवर लिहिले असेल त्याप्रमाणेच वापरावा.

आता तपासा

आणि मंडळी, इथे थांबा. पुढचे सगळे विसरलात तरी चालेल, पण ही पायरी विसरू नका. लोखंड उघडे झाले आहे. असे ते पुन्हा पाच-सात वर्षे दिसणार नाही.

ट्रॉलीची दांडी, हुकाची जागा, चासीचे सगळे जोड, पाट्यांच्या कमानी, चाकाच्या नटांभोवतालची डिश, ट्रॅक्टरचा मागचा हूक, हे एकेक बघा. संशय आला तर जुन्या मिस्त्री लोकांची युक्ती करा. ती जागा स्वच्छ करून डिझेल लावा. दहा-पंधरा मिनिटे मुरू द्या. मग कोरड्या फडक्याने अगदी टिपून काढा आणि वर खडूची बारीक पूड भुरभुरा. चीर असेल तर आत शिरलेले डिझेल बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटते. पैशाचे काम नाही, अर्ध्या तासाचे काम आहे. २०१० साली मी तो अर्धा तास काढला असता तर त्या गाडीवानाचा बैल उभा राहिला असता.

रेघ दिसली तर वरून वेल्डिंगचा थर ओढून भागवू नका. चीर मुळापर्यंत घासून काढावी लागते, मग भरावी लागते, आणि गरज पडली तर वर पट्टी जोडावी लागते. हे जाणत्या वेल्डरचे काम आहे. दांडी खराब झाली असेल तर नवी टाका. डिझेलच्या टाकीला मात्र घरी वेल्डिंग करू नका. रिकाम्या टाकीतही वाफ राहते आणि ती भडकते. वेल्डिंगचे सगळे काम रंगाच्या आधी उरकावे. आणि तपासलेली जागा पुन्हा साबणाने धुऊन, सुकवून घ्यावी. डिझेल राहिले तर रंग धरणार नाही.

जुन्या रंगाची धूळ विषारी असू शकते

जुन्या रंगांत शिसे घालत असत, विशेषतः पिवळ्या, लाल आणि नारिंगी रंगांत. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू आहेत. त्यानुसार दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. पण हे नियम घरगुती रंगांपुरते आहेत. तुमचा ट्रॅक्टर त्याआधीचा असो की नंतरचा, त्याच्या रंगात शिसे आहे असेच धरून चाला.

शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. गुरांचा तर जुना रंग चाटण्याकडे ओढा असतो, आणि जुना रंग किंवा फुटकी बॅटरी चाटून गुरे दगावतात. म्हणून हे काम गोठ्यात, गव्हाणीजवळ, विहिरीच्या काठावर किंवा चाऱ्याच्या गंजीशेजारी करू नये. खाली जुना प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. जिथे जमेल तिथे वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओले घासावे, म्हणजे धूळ उडत नाही. कोरडे घासावे लागले तर मास्क लावावा. नुसता उपरण्याचा फडका पुरत नाही. निघालेले पापुद्रे आणि गाळ गोळा करून डब्यात बंद करावा. शेतात किंवा ओढ्यात टाकू नये, चुलीत तर मुळीच नाही. काम झाल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच जेवायला बसावे आणि नातवाला उचलून घ्यावे.

प्रायमर आणि लांबी

ओले घासल्यावर उघडे लोखंड लगेच फडक्याने पुसून उन्हात सुकवा. त्यावर काही तासांत पुन्हा तांबूस झाक येते. म्हणून जेवढे एका दिवसात प्रायमर लावून होईल तेवढेच लोखंड उघडे करा. आज बॉनेट, उद्या मडगार्ड, असे भाग पाडून घ्यावे. टर्पेंटाईनच्या फडक्याने एकदा पुसून रेडऑक्साईड किंवा झिंक फॉस्फेटचा प्रायमर लावा. झिंक क्रोमेटचा पिवळा प्रायमर जुने मिस्त्री नावाजतात, आणि तो गंजाला चांगला अडवतोही. पण क्रोमेटची धूळ कर्करोगाला कारण होते हे आता पक्के ठाऊक झाले आहे. दुसरा मिळत असताना तो घेऊ नये.

प्रायमर पातळ लावा, कोपऱ्यात आणि जोडांत ब्रश दाबून भरा. एक रात्र सुकू द्या. बारीक खळगे असतील तर त्यावर लांबी पातळ पातळ हातांनी भरा. एकदम जाड भरलेली लांबी वरून सुकते, आत ओली राहते आणि पुढे तडकते. मोठा पोचा असेल तर आधी ठोकून सरळ करा, मग हार्डनर मिसळून लावायची मेटल पेस्ट वापरा. ती प्रायमरवर न लावता स्वच्छ, खरखरीत लोखंडावर लावावी आणि मिसळाल तेवढी लगेच संपवावी. मात्र भार सोसणाऱ्या जागी, म्हणजे दांडी, चासी, हूक इथे लांबी किंवा पेस्ट कधीही भरू नका. तिथला खड्डा झाकायचा नसतो.

लांबी सुकली की २२० नंबरने सारखी करा, पुन्हा एक प्रायमरचा हात द्या आणि ४०० नंबरने हलके घासा.

रंगाचे हात

गावात घरी काम करणाऱ्याला सिंथेटिक इनॅमल बरे. ब्रशने लावता येते, पुढे ठिगळ देता येते. डबा तळापासून काठीने ढवळा. पातळ करायला डब्यावर सांगितलेले टर्पेंटाईन किंवा थिनर थोडेच घाला. पहिला हात पातळ, दुसरा हात अंगाचा. ब्रश आधी आडवा, मग शेवटी एकाच दिशेने उभा फिरवा. पहिला हात पुरता सुकायला एक रात्र द्या, सकाळी ४०० नंबरने चमक मोडण्यापुरते घासून, पुसून दुसरा हात द्या. दुसऱ्या हातानंतर दोन दिवस गाडी कामाला काढू नका. आठवडाभर तरी पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नका.

दुकानदार कधी दोन डब्यांचा पी. यू. रंग सुचवतात. तो चिवट आणि चमकदार असतो. पण त्याच्या हार्डनरचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा मास्क तो अडवत नाही. ते काम शहाण्या कारखान्यातच करून घ्यावे, अंगणात नको.

किती रंग लागेल ते आधी मोजा. समजा ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि फाळके २ फूट उंच आहेत. तळ ६० चौरस फूट, फाळके आतून ६४ आणि बाहेरून ६४, असे १८८ चौरस फूट झाले. एक लिटर रंग एका हाताला साधारण १०० चौरस फूट पुरतो. म्हणजे दोन हातांना पावणेचार-चार लिटर, आणि चासी धरून पाच लिटर. तळाला चमकदार रंग घालून पैसे वाया घालवू नका, तो फावड्याने खरवडलाच जाणार. तिथे आणि खालच्या बाजूला प्रायमरवर काळा डांबरी रंग द्या.

रंगाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेलाचा रंग सुकताना उष्णता धरतो आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. ती मोकळ्यावर पसरून सुकवा.

कुठे रंग लावू नये

रेडिएटरच्या जाळीला रंग लावला तर इंजिन तापते. सायलेन्सरला साधा रंग जळून जातो, त्याला उष्णता सोसणारा ॲल्युमिनियमचा रंग मिळतो. ग्रीसचे निपल, तेलाच्या टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र, रबरी नळ्या, ब्रेकचे भाग, लाईटच्या काचा यांवर चिकटपट्टी आणि रद्दी लावून मगच ब्रश हाती घ्या.

चासी नंबर आणि इंजिन नंबर यांवर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर चालवू नका. नंबर पुसट झाला तर पासिंगला, विकायला, विम्याला, सगळीकडे अडचण येते. रंगही मूळचाच ठेवा. गाडीचा रंग आर. सी. बुकात नोंदलेला असतो. बदलायचाच असेल तर आधी आर. टी. ओ. कचेरीत विचारा.

आणि ट्रॉलीचे रिफ्लेक्टर. रंगवताना ते हमखास रंगवले जातात. पुढे पांढरे, बाजूला पिवळे, मागे लाल, असे रिफ्लेक्टर किंवा चमकपट्ट्या शाबूत पाहिजेत. जुन्या निघाल्या असतील तर रंग पुरता सुकल्यावर नव्या चिकटवा. रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडलेली उसाची ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसते ती त्या पट्टीमुळे. तुम्ही दिलेला सुंदर निळा रंग अंधारात काळाच असतो.

जुना ट्रॅक्टर घेताना

हीच विद्या बाजारात उपयोगी पडते. जुना ट्रॅक्टर ताजा रंगवून विकायला आला असेल तर ग्रीसच्या निपलवर, रबरी नळ्यांवर, नटांच्या खाचांत रंग आहे काय ते बघा. असेल तर रंग घाईत फासला आहे. मऊ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे आत जाड लांबी आहे. दांडी आणि चासीवर नवा रंग असेल तर मालकाला सांगा, वेल्डिंगजवळ थोडे खरडून बघू द्या. प्रामाणिक माणूस नाही म्हणणार नाही. आणि तुम्ही विकणारे असाल तर तुम्हीही नाही म्हणू नका.

पुढची काळजी

खत वाहिले की त्याच दिवशी ट्रॉली साध्या पाण्याने धुऊन फाळका उघडा ठेवा. तळातली पाणी जायची भोके काडीने मोकळी करा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा मडगार्डच्या आतला चिखल काढा. उरलेला रंग आणि प्रायमर लहान बाटल्यांत घट्ट बुच लावून ठेवा. नवा ओरखडा दिसला की आठवड्याच्या आत २२० नंबरने घासून, थेंबभर प्रायमर आणि थेंबभर रंग लावा. त्या वेळी दहा मिनिटांचे काम असते. दोन पावसाळे गेले की तेच चार दिवसांचे होते.

ध्यानात ठेवा

१. मार्च ते मे या कोरड्या दिवसांत काम काढा, सकाळी सावलीत रंग लावा.
२. आधी धुवा, मग घासा. तेलावर आणि गंजावर रंग टिकत नाही.
३. लोखंड उघडे झाले की दांडी, हूक आणि जोड डिझेल-खडूने तपासा.
४. जुन्या रंगाची धूळ मुले, गुरे आणि पाणी यांपासून लांब ठेवा.
५. ऑईल पेंटवर एन. सी. रंग मारू नका.
६. चासी नंबर जपा, रिफ्लेक्टर रंगवू नका.

मंडळी, यंदा खंडेनवमीला ट्रॅक्टरला हार घालाल तेव्हा हुकाजवळ जरा वाका आणि त्या दांडीवरून एकदा हात फिरवा. ती तपासलेली असेल तर खुशाल पूजा करा. नसेल तर रंगाचा डबा तसाच ठेवा आणि आधी तारेचा ब्रश हाती घ्या. तुमच्या मागून कोणाची तरी गाडी येत असते.

राम राम.